गाडी आणि डोंगर: एकच जीपीएस?

गाडीत आणि ट्रेकला चालेल असं एकच यंत्र हवं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: दोन्हीसाठी एक घेऊ नका. गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स २२एक्स किंवा ३२एक्स या हातात धरायच्या जीपीएसचा पडदा जेमतेम २.२ इंची आणि वळण बोलून सांगायची सोय नाही. घाटात गाडी चालवताना त्यात डोकावणं धोक्याचंच. गाडीसाठी फोन, एक घट्ट होल्डर आणि आधीच उतरवून घेतलेले नकाशे पुरेत.

डोंगरात मात्र ईट्रेक्सला तोड नाही. दोन एए सेलवर साधारण २५ तास चालतं, बटणं ओल्या हातांनीही दाबता येतात. पावसात फोनचा टच वेडावतो तेव्हा हे फार कळतं. ३२एक्समध्ये हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आणि होकायंत्र जास्तीचं आहे. दाब हवामानानुसार बदलतो, म्हणून ठाऊक असलेल्या उंचीवर उंचीमापक जुळवून घ्या; कळसूबाईच्या माथ्यावर असाल तर १६४६ मीटर. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या अरुंद घळीत कड्यांवरून सिग्नल परावर्तित होऊन जागा सरकलेली दिसते, तिथे डोळ्यांवर भरवसा ठेवा.

सामानात रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेलच्या दोन जोड्या (यंत्रात सेलचा प्रकार निवडायला विसरू नका), मेमरी कार्ड आणि गळ्यात अडकवायची दोरी. ओपनस्ट्रीटमॅपचे (लोकांनी मिळून बनवलेले खुले) नकाशे फुकट मिळतात, समोच्चरेषांसकट.

आणि कृपा करून परदेशातून उपग्रहावरून संदेश पाठवणारं इनरीच मागवू नका. परवान्याशिवाय ते भारतात बेकायदा आहे, विमानतळावर लोकांना अटकही झाली आहे.