एएससीपीचा वेग १० मेगाबिटवरच अडकतोय

निळी_शाई:
नमस्कार. जीनोम सिक्वेन्सिंगच्या फाइली एका सार्वजनिक संग्रहातून उतरवायच्या आहेत, एकेक फाइल साधारण १८ जीबीची. एफटीपी या फाइली उतरवायच्या जुन्या पद्धतीशी दोन दिवस झगडले, मग सहकाऱ्याने अस्पेराचं एएससीपी सुचवलं, म्हणजे मोठ्या फाइली वेगाने आणणारा कमांडवरचा प्रोग्राम. सुरू झालं, पण वेग ९.९ मेगाबिटच्या वर सरकतच नाही. माझी लाइन १०० मेगाबिटची आहे, स्पीड टेस्टला ९४ दिसतात. काल रात्री ११ जीबी उतरले असताना वाय-फाय गेलं. सकाळी तीच कमांड दिली, तर पुन्हा शून्यापासून सुरुवात. रडूच आलं.
कमांडमध्ये आय लावून की-फाइल दिली आहे, कॅपिटल पी लावून पोर्ट ३३००१, आणि कॅपिटल टी. टी कशासाठी ते माहीत नाही, नमुन्यात होता म्हणून ठेवला.

जुनी_वायर:
वेगाचं कारण साधं आहे. तुम्ही वेग सांगितलेलाच नाही, आणि स्मॉल एल दिला नाही तर एएससीपी १० मेगाबिटची मर्यादा धरून चालतं. त्या हिशेबाने १८ जीबीला चार तास लागतात. डॅश एल ९०m द्या. हा m मेगाबिटचा, मेगाबाइटचा नव्हे. ९० मेगाबिट म्हणजे सेकंदाला सव्वाअकरा मेगाबाइट.

लाइनपेक्षा मोठा आकडा मात्र टाकू नका. मी एकदा १०० च्या लाइनवर ५०० लिहिले आणि वर पॉलिसी फिक्स्ड ठेवली. फिक्स्डमध्ये एएससीपी वाट मोकळी आहे का हे बघत नाही, सांगितलेल्या वेगाने पॅकेट सोडत राहतं. दहा मिनिटांत ऑफिसातले सगळे कॉल तुटायला लागले आणि माझी फाइलही धड उतरेना, कारण निम्मी पॅकेट वाटेतच गळून परत मागवली जात होती. तेव्हापासून मी फेअर पॉलिसी, म्हणजे वाट किती मोकळी आहे ते बघून वेग कमी-जास्त करणारी, सोडत नाही. कॅपिटल क्यू म्हणजे तीच.

आता ११ जीबीचं दुःख. तुटलेली फाइल पुढे कशी सुरू करायची ते स्मॉल के ठरवतो. के न दिल्यास तो शून्य धरला जातो, म्हणजे दर वेळी पूर्ण फाइल नव्याने. के १ दिला की आकारासारखी वरवरची माहिती जुळवून पुढचा भाग आणतो. के २ फाइलच्या काही तुकड्यांचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, बघतो, के ३ अख्ख्या फाइलचा. त्यात दोन्हीकडच्या डिस्क वाचाव्या लागतात, म्हणून वेळ खातो. तुमच्यासाठी के १ पुरे. कालची अर्धवट फाइल बाजूला काढा, नवी के १ लावूनच सुरू करा, आणि उतरल्यावर संग्रहाने दिलेल्या एमडी५ शी, म्हणजे अख्ख्या फाइलच्या चेकसमशी, ताडून बघाच. ही पायरी गाळू नका. एखादा बाइट चुकलेल्या फाइलवर महिनाभर काम केलेला माणूस मी जवळून पाहिला आहे.

टी म्हणजे डेटाचं एन्क्रिप्शन बंद. सगळ्यांसाठी खुला असलेला डेटा असेल तर चालेल, रुग्णांचा असेल तर तो टी आजच काढा.

अक्षराच्या आकाराकडे डोळ्यांत तेल घालून बघा. स्मॉल एल वेग, कॅपिटल एल लॉगचा फोल्डर. कॅपिटल पी पोर्ट, स्मॉल पी फाइलच्या तारखा जपणं. कॅपिटल क्यू फेअर, स्मॉल क्यू म्हणजे प्रगतीच दिसत नाही.

फायरवॉल_राखणदार:
एक भर. कॅपिटल पी मधला ३३००१ हा लॉगिनचा, एसएसएचचा टीसीपी पोर्ट. डेटा येतो यूडीपीवरून, म्हणजे दर पॅकेटच्या पोचपावतीसाठी न थांबणाऱ्या पद्धतीने, त्याचा पोर्ट कॅपिटल ओ ने ठरतो आणि तोही न सांगता ३३००१ च असतो. म्हणून लॉगिन होतं पण टक्के शून्यावरून हलत नाहीत अशी तक्रार सारखी येते. तेव्हा की-फाइल तपासत बसू नका, नेटवर्क बघणाऱ्यांना यूडीपी ३३००१ उघडा आहे का तेवढं विचारा. एफटीपी रखडण्याचं कारणही यातच आहे: ते टीसीपीवर चालतं, आणि टीसीपी पोचपावतीची वाट बघतो. विंडो, म्हणजे पोचपावती येण्याआधी पाठवता येणारा डेटा, ६४ केबीची आणि जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद लागत असतील, तर लाइन कितीही रुंद असो, एका कनेक्शनवर २.६ मेगाबिटच मिळतात.

निळी_शाई:
एल ९०m, क्यू, के १ लावून आत्ताच बघितलं. २७ मिनिटं! मध्ये मुद्दाम वाय-फाय बंद करून पाहिलं, ४२ टक्क्यांवर थांबलं आणि तिथूनच पुढे सुरू झालं. एमडी५ जुळला. टी ठेवला आहे, डेटा खुलाच आहे. जुनी_वायर, राखणदार, दोघांचेही मनापासून आभार. उरलेल्या सहा फाइली आज रात्री लावते.