लोकसहभागाच्या नावाखाली पालिकेने हात झटकायचे का?

सावली_१९
काल इथे एकाने लिहिलं, "शाश्वत विकास हे लोकांचं काम. स्थानिक सरकारने फक्त बाजूला व्हावं, लोक जागे झाले की वस्ती आपोआप सुधारते." ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

हेच वाक्य मी पालिकेच्या बैठकीत ऐकलंय, तेही नळाला पाणी का नाही असं विचारल्यावर. लोकसहभाग म्हणजे निर्णयाचा हक्क लोकांना देणं. काम त्यांच्या गळ्यात मारणं नव्हे. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेने १९८९ पासून नव्या कामांचा पैसा कुठे जायचा हे वस्त्यांच्या सभांमध्ये ठरवायला सुरुवात केली. १९८८ मध्ये तिथल्या ७५ टक्के घरांना पाणी आणि मलनिस्सारणाची जोडणी होती, १९९७ पर्यंत ९८ टक्के घरांना मिळाली. सभेत हात वर करून ठरवलं लोकांनी, पण पाइप टाकले पालिकेने.

पाणवठा
ते वाक्य माझंच आहे, तेव्हा सरळ मलाच विचारायचं होतं. आणि अर्धी गोष्ट कशाला सांगता? त्याच पोर्तो अलेग्रेत २०१७ मध्ये ही पद्धत स्थगित झाली. सरकारने दिलेलं सरकार काढून घेतं. अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल कशासाठी मिळालं? कुरणं, पाटाचं पाणी, मासेमारी यांचे नियम वापरणाऱ्यांनी स्वतः केले आणि पिढ्यानपिढ्या पाळले, हे त्यांनी दाखवून दिलं.

पायवाट
ऑस्ट्रमबाईंच्या तत्त्वांमध्ये हेही आहे की लोकांचा नियम करण्याचा हक्क वरच्या सत्तेने मान्य करायला हवा. शिवाय देखरेख हवी, नियम मोडणाऱ्याला चढत्या क्रमाने दंड हवा. "बाजूला व्हा" असं त्या कुठेच म्हणत नाहीत.

हिरवीफांदी
या सगळ्यात झाडांच्या बुंध्याला चिकटवून काँक्रीट ओतणं कोण थांबवणार ते सांगा आधी. मुळांना श्वास घ्यायला हातभर माती ठेवत नाहीत आणि पुढच्या महिन्यात वृक्षारोपणाचे फोटो!

निर्मला_क
नोबेल राहू दे, मी कचऱ्याचं सांगते. आमच्या इमारतीत ओला-सुका वेगळा करायचं ठरलं. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर चिमट्याने वाळत घालायच्या, चार महिने. एक दिवस त्या खाली गेल्या आणि गाडीवाल्याने दोन्ही बादल्या एकाच हौद्यात उलट्या केलेल्या पाहिल्या. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दोरी काढून टाकली. आता त्यांना कुठल्या तोंडाने सांगू की जाग्या व्हा?

पाणवठा
वाईट वाटलं ताई. पण जपानमधलं कामिकात्सु बघा. दीड हजाराच्या आसपास वस्ती, २००३ मध्ये शून्य कचऱ्याचा ठराव केला. कचऱ्याची गाडीच येत नाही. लोक स्वतः केंद्रावर नेऊन चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करतात. ८० टक्क्यांच्या आसपास पुनर्वापरात जातो.

निर्मला_क
दीड हजार! आमच्या एका गल्लीत तेवढी माणसं आहेत. आणि ते केंद्र कोणी बांधलं, एवढे डबे कोणी ठेवले, पुढे तो माल कोणी उचलला? तिथल्या पालिकेनेच ना? तुम्ही घरी कचरा स्वतः वेगळा करता का, तेवढं सांगा.

पाणवठा
वैयक्तिक होऊ नका. हो, करतो. १२ वर्षं करतोय, कोणाच्या गाडीची वाट न बघता.

पायवाट
कचऱ्याचंच चाललंय तर ब्राझीलमधलंच कुरितिबा शहर घ्या. तिथे झोपडपट्टीच्या अरुंद गल्ल्यांत गाडी शिरत नव्हती. १९८९ मध्ये पालिकेने लोकांना कचरा गाडीपर्यंत आणायला सांगितलं आणि बदल्यात बसची तिकिटं दिली. लोकांनी श्रम दिले, त्याचं मोल मिळालं. नुसतं भाषण दिलं असतं तर कोण आलं असतं?

जुनी_वही
आत्तापर्यंत फक्त वाचत होतो. मी एका पालिकेत आरोग्य विभागात मुकादम होतो, निवृत्त झालो. निर्मलाताई, त्या गाडीवाल्याला शिव्या देऊ नका. आमच्या गाड्यांना मध्ये पार्टिशन होतं. ओल्या कचऱ्याच्या पाण्याने दोन वर्षांत पत्रा गंजून गळून पडला. वेल्डिंग करून नवा पत्रा बसवायचा, एका दिवसाचं काम. मी तीन वेळा पत्र दिलं. उत्तर एकच: दुरुस्तीच्या हेडला तरतूद नाही. त्याच वर्षी चार नव्या गाड्या आल्या, कारण नव्या खरेदीला वरून निधी होता. दोन वर्षांनी त्यांचेही पत्रे गेले.

उद्घाटनाला पैसा असतो, देखभालीला नसतो. पाण्याची टाकी, पथदिवे, बाग, सगळीकडे हेच. टिकाऊ काय करायचं असेल तर नवं काम मंजूर करतानाच पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च त्याच ठरावात लिहायला लावा. तो भागणार नसेल तर काम घेऊच नका.

सावली_१९
मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांगितलंत, काका.

पाणवठा
पत्र्याचं मान्य. ते लोकांनी जागं होऊन जुळणारं नाही. पण लोकांनी अंदाजपत्रक वाचलं असतं तर देखभालीचं हेड रिकामं आहे हे कोणाला तरी दिसलं असतं, एवढं तुम्हीही मान्य करा.

जुनी_वही
करतो. माझ्या २९ वर्षांच्या नोकरीत अंदाजपत्रकाची प्रत मागायला एकच माणूस आला. त्याला आम्ही दोन आठवडे फिरवलं. साहेबांचा तसा निरोप होता आणि मी तो पाळला.

निर्मला_क
प्रत मागायचा अर्ज कोणाच्या नावाने करायचा ते इथेच लिहा काका. सोमवारी मी जाते. सासूबाईंनाही घेऊन जाते.