मदत हवी आहे: बालगृहातल्या भाच्यांसाठी दाद कुठे मागायची?

माझी धाकटी बहीण गेली, मेहुणे तिच्या आधीच वारले होते. त्यांच्या दोन्ही मुली (वय 9 आणि 6) बालकल्याण समितीच्या (निराधार मुलांबाबत निर्णय घेणारी समिती) आदेशाने बालगृहात आहेत. मी आणि माझे यजमान त्यांना घरी आणायला तयार आहोत, तसा अर्जही दिलाय. पण गृहचौकशीला अजून कुणी आलेलं नाही आणि समितीसमोर गेलं की नुसती पुढची तारीख पडते, कारण सदस्यच पुरे नसतात. बाल न्याय अधिनियम 2015 नुसार सामाजिक तपासणी (मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी) 15 दिवसांत, अंतिम आदेश 4 महिन्यांत आणि त्या वेळी किमान 3 सदस्य हजर हवेत. मग शासनाने जागा रिकाम्या ठेवल्या तर आदेश काढायचा कुणी?

त्याहून मोठी काळजी वेगळीच आहे. मागच्या भेटीत मोठीच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज दिसली, खाजवून खाजवून रक्त आलेलं. औषधाचं विचारलं तर "डॉक्टर येऊन जातात" एवढंच उत्तर. तक्रारपेटी आहे, पण अधीक्षकांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीच्या मागे. ती ऑफिसपासून लांब, मुलांच्या हाताला येईल अशी हवी ना? सहा वर्षांचं लेकरू मॅडमच्या डोक्यावरून चिठ्ठी टाकणार आहे का?

कलम 54 प्रमाणे तपासणी समितीने दर 3 महिन्यांनी भेट द्यायची असते, सोबत वैद्यकीय अधिकारी असावाच लागतो. ही भेट खरंच झाली का, हे मला कसं कळेल? आणि तक्रार केली तर मुलींना त्रास होणार नाही ना? याच भीतीने हात आखडतोय. कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी काही वर्षं या क्षेत्रात काम केलंय. आधी समितीविरुद्धची तक्रार आणि बालगृहाविरुद्धची तक्रार वेगळी करा, एकाच अर्जात घालू नका.

समितीच्या कामाबद्दल थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. 2021 च्या दुरुस्तीने (लागू 1 सप्टेंबर 2022 पासून) समितीविरुद्धच्या तक्रारी ऐकण्याचे अधिकार त्यांना आहेत आणि मुलाशी संबंधित कुणीही तक्रार करू शकतं. तुम्ही तर सख्खी मावशी. अर्जावर आवक शिक्का मारून पोच घ्या.

खरुजेसाठी मात्र कागद फिरायची वाट पाहू नका. आजच 1098 ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन करा आणि समितीला मुलीची वैद्यकीय तपासणी करायला लावणारा लेखी अर्ज द्या. तपासणी समितीच्या भेटीच्या अहवालासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. मुलांची नावं मागू नका. भेटीची तारीख, कोण कोण आलं, शेरे काय, एवढंच मागा. डॉक्टरची सही नसेल तर तोच कागद राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जोडून पाठवा.

भीती रास्त आहे, पण गप्प राहण्यात धोका जास्त. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले अत्याचार 2018 मध्ये उघड झाले ते टाटा समाज विज्ञान संस्थेच्या लोकांनी केलेल्या पाहणीमुळे. बाहेरचं माणूस मुलींशी बोललं पाहिजे, म्हणून भेटीला जाणं थांबवू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार दादा. 1098 ला आत्ताच फोन लावते. अर्जाचा मसुदा इथेच टाकला तर डोळ्याखालून घालाल का?