फक्त फोटोवरून नवी प्रजाती? चीनमधल्या पांढऱ्या गालांच्या माकडाबद्दल प्रश्न

कातळसडा

नमस्कार मंडळी. मी सावंतवाडीला प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आंबोलीच्या हिरण्यकेशीतला शिस्टुरा मासा 2020 साली नवी प्रजाती म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून या कामाचं वेड लागलंय.

परवा वाचनात आलं की आग्नेय तिबेटमधल्या मोदोग भागात पांढऱ्या गालांचं एक माकड 2015 साली नवी प्रजाती म्हणून नोंदलं गेलं, मकाका ल्युकोजेनिस. आणि तेही फक्त फोटोंवरून! कातडी नाही, कवटी नाही. आमचे सर तर सांगतात की होलोटाइपशिवाय, म्हणजे ज्या एका नमुन्यावर नाव टेकलेलं असतं त्याच्याशिवाय, नाव देता येत नाही. मग हे चाललं कसं?

दुसरं म्हणजे, चीनमधून सतत नव्या प्रजातींच्या बातम्या येतात. हे सगळे प्राणी खरंच जंगलात आत्ता सापडलेले असतात का?

शेवाळ

सर बरोबर सांगतात, आणि ते माकडही नियमात बसतं.

प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे, तिचं कलम 73.1.4 काढून वाच. चित्र होलोटाइप म्हणून दिलं असेल, तर होलोटाइप चित्र नसतं, चित्रात दिसणारा तो एक प्राणी असतो. तो नंतर मेला किंवा पुन्हा कधी दिसला नाही तरी नाव रद्द होत नाही. लि चेंग, झाओ चाओ आणि फान पेंगफेई या तिघांनी 700 हून जास्त फोटो तपासले. गालांवरचे आणि हनुवटीवरचे पांढरे केस, मानेवरचे दाट केस, आखूड शेपटी हे तर पाहिलंच, शिवाय नराच्या शिश्नाग्राचा आकारही पाहिला. शेजारच्या अरुणाचली माकडात तो बाणाच्या टोकासारखा असतो, याच्यात गोल. मकाका या जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटात, हे लक्षण महत्त्वाचं मानतात. पुढे आपल्या अरुणाचलच्या अंजॉ जिल्ह्यातही या माकडाचे फोटो मिळाले.

आणि हे पहिल्यांदा घडलेलं नाही. तेच अरुणाचली माकड, मकाका मुंझाला, 2005 साली अनिंद्य सिन्हा, अपराजिता दत्ता, मधुसूदन आणि चारुदत्त मिश्रा यांनी तवांग-पश्चिम कामेंगमधून वर्णन केलं तेव्हाही हाताशी नमुना नव्हता. नमुन्यावरचा निबंध 2008 मध्ये आला.

माझं मत विचारशील तर, थोड्या संख्येने उरलेल्या माकडाला केवळ पेटीत ठेवायला मारणं मला मान्य नाही. पण हाच न्याय बेडूक, माशी, कोळ्यांना लावायला मी तयार नाही. 2016 साली जवळजवळ 500 वर्गीकरणतज्ज्ञांनी सह्या करून फोटोवरच्या वर्णनांना विरोध केला होता. त्यांच्या बाजूचं म्हणणं मला चीनमधल्या कुनमिंगला असताना कळलं. तिथे मी अडीच वर्षं बेडकांवर काम केलं. युनानच्या ओढ्यांतले दोन बेडूक फोटोत शेजारी ठेवले तर मलाच ओळखू यायचे नाहीत. फरक कुठे असायचा? कानाचा पडदा डोळ्याच्या किती पट, मागच्या पायाच्या बोटांमधला पडदा कुठवर, टाळूवर दात आहेत की नाहीत. दात बघायला तोंड उघडावं लागतं, सुई फिरवावी लागते. एकेका बेडकाची पंचवीस-तीस मापं, व्हर्नियरने, तीन-तीन वेळा. त्याआधी यकृताचा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये बाजूला काढायचा, कारण एकदा फॉर्मलिन लागलं की डीएनए मिळणं कठीण.

आता तुझा दुसरा प्रश्न. याचं उत्तर ऐकून मी स्वतः थक्क झाले होते.

गाओलिगोंग डोंगररांगेतलं हुलॉक गिबन घे, बिनशेपटीचं वानर. चीन आणि म्यानमारच्या सीमेवरचा हा डोंगर. 2017 च्या जानेवारीत फान पेंगफेई आणि सहकाऱ्यांनी त्याला हुलॉक तियानशिंग हे नाव दिलं. तियानशिंग म्हणजे आकाशाची गती, ‘यी जिंग’ या प्राचीन ग्रंथातला शब्द. चीनच्या बाजूला दोनशेच्या आतच उरलेत. पण याचा होलोटाइप जंगलातून आणावा लागला नाही. रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या मोहिमेत 1917 साली गोळा झालेली कातडी आणि कवटी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत पडून होती. शंभर वर्षं ती दुसऱ्याच प्रजातीच्या नावाखाली होती. भुवया वेगळ्या आहेत हे जंगलात जिवंत गिबन बघताना लक्षात आलं, मग दात, कवट्या आणि डीएनए मिळून सिद्ध झालं. म्हणजे प्राणी गोळा झाला तेव्हा तो कोण हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि कळलं तेव्हा नमुना दुसऱ्या खंडावर होता.

महाकाय सॅलॅमँडरची, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या पाण्यातल्या उभयचराची गोष्ट यापुढची, आणि ती मला अजूनही झोपू देत नाही. चिनी लोक त्याला वावायू म्हणतात, बाळमासा, कारण त्याचा आवाज तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा समजतात. पावणेदोन मीटरपर्यंत वाढतो. पिवळी नदी, यांगत्से, पर्ल नदी, सगळीकडचा एकच, आंद्रियास डेव्हिडियानस, असं सगळे धरून चालले होते. मांस महाग, म्हणून शेततळ्यांत पैदास सुरू झाली. कुठल्याही नदीतला नर, कुठल्याही नदीतली मादी. मग संरक्षण म्हणून याच तळ्यांतली हजारो पिल्लं नद्यांत सोडली. 2018 मध्ये डीएनए तपासल्यावर कळलं, यात किमान पाच वेगळ्या प्रजाती दडल्यात आणि लाखो वर्षांपूर्वीच त्या एकमेकींपासून दूर गेल्यात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात 97 काउंटींचं (तालुक्यासारख्या विभागांचं) सर्वेक्षण होतं. जनावर सापडलं फक्त 4 ठिकाणी, आणि डीएनए तपासलेली जनावरं तिथली मूळची नव्हती. नाव नसलेल्या प्रजाती आम्ही संरक्षणाच्याच हाताने मिसळून टाकल्या.

इथेही मदतीला आली जुनी पेटी. 1924 साली बूलेंजर या प्राणिशास्त्रज्ञांनी अशाच एका सॅलॅमँडरला स्लिगोई हे नाव दिलं होतं. तो नमुना हाँगकाँगच्या वनस्पती उद्यानात पावसानंतर नळातून बाहेर आलेला, बहुधा मुख्य भूमीवरून कुणीतरी आणलेला. नंतर ते नाव डेव्हिडियानसमध्ये विरून गेलं. 2019 मध्ये जुन्या नमुन्यांच्या डीएनएवरून ते परत उभं राहिलं. 2022 मध्ये जिआंगशी प्रांतातल्या जिंगआन काउंटीतून आंद्रियास जिआंगशिएन्सिस आली, जिचा भेसळ न झालेला वंश अजून रानात वाढतोय. तिच्यात बाहेरची पिल्लं मिसळली नव्हती.

डॉ. बावनदी

शेवाळताईंनी छान लिहिलं. मी रत्नागिरीकडे ग्रामीण रुग्णालयात तीस वर्षं काढली, फुरसं-घोणस चावलेले पेशंट हाच माझा पावसाळा. म्हणून चीनमधल्या एका डॉक्टरांबद्दल सांगावंसं वाटतं.

हुनान प्रांतात मांगशान डोंगर आहे. तिथल्या चेन युआनहुई या डॉक्टरांकडे सर्पदंशाचे पेशंट यायचे. डोंगरातल्या याओ लोकांच्या गोष्टींत एका हिरव्या सापाचा उल्लेख असायचा, शेपटीचं टोक पांढरं. चेन यांना ती नुसती गोष्ट वाटली नाही. शोध घेत राहिले आणि साप मिळाल्यावर चंगडूचे सर्पतज्ज्ञ झाओ अरमी यांच्याकडे गेले. दोघांनी मिळून 1990 साली वर्णन केलं. दोन मीटरपर्यंत वाढणारा विषारी साप तोवर शास्त्राला माहीत नव्हता, हे मला आजही खरं वाटत नाही. पुढे त्याच सापाने चेन यांना अनेकदा दंश केला, एक बोट गेलं. तरी त्यांनी काम सोडलं नाही.

पेशंट “साप असा होता” म्हणून सांगतो तेव्हा आपण डॉक्टर मंडळी लक्ष देत नाही, सलाईन लावायच्या घाईत असतो. माझ्या हातूनही हे झालंय. चेन यांनी ऐकून घेतलं.

शेवाळ

डॉक्टर, या सापाच्या नावाची कथाही सांगते. 1993 मध्ये झाओ अरमींच्या सन्मानार्थ त्याला वेगळी जीनस दिली, अर्मिया. नंतर लक्षात आलं की अर्मिया हे नाव एका टोळवर्गीय कीटकाला आधीच दिलेलं आहे. प्राण्यांत दोन जीनसना एक नाव चालत नाही, म्हणून 2004 मध्ये झाओअर्मिया केलं. पुढे डीएनएने सांगितलं की वेगळी जीनस हवीच कशाला, हा आधीच्या प्रोटोबोथ्रॉप्स या जीनसमध्येच बसतो. मांगशानेन्सिस हे प्रजातीचं नाव मात्र पहिल्यापासून तेच.

कातळसडा

ताई, डॉक्टरकाका, खूप आभार. दोनदा वाचून काढलं. आता खरं कारण सांगतो. आमच्या सड्यावर पावसाळ्यात एक खेकडा दिसतो, पुस्तकातल्या कुठल्याच वर्णनाशी जुळत नाही. फोटो आणि जागा इथे टाकू का? कुणीतरी ओळखेल.

शेवाळ

फोटो टाक. जागा टाकू नकोस, तालुक्यापुढे काहीच लिहू नकोस.

ग्वांगशीतल्या चुनखडीच्या डोंगरांत गोनियुरोसॉरस लुई नावाची पाल आहे. 1999 मध्ये वर्णन छापलं, त्यात रीतसर ठिकाण दिलं. पाळीव प्राण्यांचे व्यापारी तोच निबंध घेऊन तिथे पोचले. काही वर्षांत त्या मूळ जागी एकही पाल उरली नाही. म्हणून 2015 मध्ये याच जीनसमधल्या दोन नव्या पाली ग्वांगशीतून जाहीर झाल्या तेव्हा निबंधात ठिकाण मुद्दाम छापलं नाही. आमच्या शास्त्रात ठिकाण लपवणं म्हणजे मोठी तडजोड, कारण ठिकाणाशिवाय दुसरा माणूस तपासणार कसा? तरी मी त्या लेखकांच्या बाजूची आहे.

आणि खेकडा उचलून बाटलीत टाकू नकोस. गोळा करायला परवानगी लागते, सरांना सोबत घेऊन वनखात्याकडे अर्ज कर. जैवविविधता कायदा 2002 नुसार नव्या प्रजातीचा नमुना ठरवून दिलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, आधी तिथल्या लोकांना फोटो दाखव. ते पहिल्यांदा विचारतील, नर आहे का? खेकड्यात नराच्या पोटाखालच्या जननांगाच्या जोडीवर बरीचशी ओळख ठरते. उलटा धरून पोटाचा फोटो काढ, कवच वरून काढ, समोरून काढ, शेजारी पट्टी ठेव. रंग जिवंतपणीच टिपून घे, अल्कोहोलमध्ये तो लवकर उडतो. वहीत तारीख, वेळ, पाणी वाहतं होतं की साचलेलं, हे सगळं पेन्सिलीने लिही. सड्यावरच्या पावसात शाईची वही टिकत नाही.