वॉशिंग मशीनच्या फेऱ्या कमी केल्या की खरंच पाणी वाचतं का?

ओलेता
आठवड्याला सहा वेळा मशीन लावणाऱ्या चौघांच्या घराला तीन फेऱ्यांवर यायला काही हरकत नाही, असं माझं मत. सात किलोचं फ्रंट लोड सुती कपड्यांच्या एका फेरीला साधारण ५० लिटर पाणी घेतं, टॉप लोड १०० ते १५०. ड्रम अर्धा भरला म्हणून पाणी अर्धं होत नाही. सेन्सर थोडंफार कमी करतो, इतकंच. त्यामुळे दोन अर्ध्या फेऱ्यांना एका भरलेल्या फेरीपेक्षा जास्तच पाणी जातं.

खरा निर्णय कपडा अंगातून काढतानाच होतो. आतले कपडे, मोजे, व्यायामाचे कपडे एकदा घातले की धुवायलाच. जीन्स पाच-सहा वेळा घालावी. आत शर्ट असेल तर स्वेटर त्याहून जास्त. टॉवेल तीन-चार आंघोळींनंतर, पण दर वेळी पूर्ण पसरून वाळवला असेल तरच. घडी करून हुकाला अडकवलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीच कुबट होतो. एकदाच घातलेला शर्ट कपाटात ठेवायला नको वाटतो, म्हणून तो धुण्याच्या टोपलीत जातो. त्याच्यासाठी मोकळ्या हवेत दोन खुंट्या ठोका. टोपलीत बरंच धुणं असं निव्वळ जागा नसल्यामुळे आलेलं असतं.

फेसाळ
असहमत. धुणं साठवायची किंमत कापड मोजतं. अंगाचं तेल धाग्यात मुरतं, हवा लागून हळूहळू पिवळं पडतं. कॉलरच्या आतली पिवळी रेघ ती हीच. दोन दिवसांत ३० अंशांच्या पाण्यात निघणारा मळ नंतर घासणं आणि गरम पाणी मागतो. पॉलिएस्टर आणखी वाईट: पाणी शोषत नाही, पण तेल धरून बसतं. म्हणून असा टी-शर्ट वाळल्यावर ठीक वाटतो आणि अंगात घालून गरम झाला की घमघमतो.

शिवाय ‘तीनच फेऱ्या’ ठरवलं की ड्रम कोंबला जातो. फ्रंट लोड कपडे वर नेतं आणि खाली आपटतं, मळ निघतो तो त्या आपटण्याने. वर जागाच नसेल तर अख्खा गठ्ठा नुसता गोल फिरतो, पावडर घड्यांत अडकते, काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे उठतात. मग पुन्हा विसळणं आलं. वाचवलेलं पाणी तिथेच गेलं की.

ओलेता
@फेसाळ, कोंबा असं कुठे म्हटलंय? सुती कपड्यांच्या वर उभा पंजा सहज जाईल इतकी जागा हवी. सिंथेटिक अर्धा ड्रम, लोकर त्याहून कमी. मशीनवर छापलेले सात किलो फक्त सुती प्रोग्रामचे. १५-३० मिनिटांच्या क्विक वॉशला दोन किलोच्या आसपासच. तीन जीन्समध्येच ते संपतात. बहुतेकांची गफलत इथे होते.

डागाचं मान्य, पण एका कॉलरसाठी अख्खी फेरी कशाला? लिक्विडचे चार थेंब टाकून बोटाने चोळा, दहा मिनिटं ठेवा, मगभर पाण्याने काढा, वाळवा आणि मग टोपलीत टाका. रक्ताला मात्र थंडच पाणी. गरम पाण्याने ते पक्कं बसतं. आणि ओला कपडा टोपलीत नको, तो सगळ्यांना वास लावतो.

लिटरमागे
तुम्ही दोघंही फेऱ्या मोजताय. मोजायचं ते किलोमागे किती लिटर. ते पाणी धुण्यापेक्षा विसळण्यात जातं.

सेमी-ऑटोमॅटिकचं उदाहरण घ्या. पाच किलो कपडे न पिळता विसळायला घेतले, तर त्यांत साबणाचं साधारण १२ लिटर पाणी उरलेलं असतं. आधी स्पिनरमध्ये दोन मिनिटं पिळले तर उरतं सुमारे ३ लिटर. आता ३० लिटर स्वच्छ पाण्यात टाका. न पिळलेल्यात साबणाची तीव्रता मूळच्या २९ टक्क्यांवर येते (१२ भागिले ४२), पिळलेल्यात ९ टक्क्यांवर (३ भागिले ३३). न पिळता तीनदा विसळलं तर ९० लिटर जातात आणि तरी २.३ टक्के साबण राहतो. दर वेळी आधी पिळून दोनदाच विसळलं तर ६० लिटरमध्ये एक टक्क्याच्याही खाली. नळ सोडून वरून वाहू देत खळबळणं तर सगळ्यात उधळं. नळ मिनिटाला दहा लिटर देत असेल तर दहा मिनिटांत १०० लिटर गेले.

साबणाचं एकच पाणी आधी पांढऱ्यांना, मग फिक्या रंगांना, शेवटी गडद आणि पायपुसण्यांना वापरता येतं. पावडर मोजूनच घाला. फेस जास्त झाला की बरीच ऑटोमॅटिक मशीन्स आपणहून जादा विसळ घेतात.

फेसाळ
पिळण्याचा हिशेब पटला. पण पर्यावरण जपायचं म्हणून कायम ३० अंश आणि कायम लिक्विड, हे चालत नाही. विजेचं म्हणाल तर बरोबर, हीटरच्या मशीनमध्ये बहुतांश वीज पाणी तापवायलाच लागते. पण लिक्विडमध्ये ऑक्सिजन ब्लीच (डाग काढणारा आणि जंतू मारणारा घटक) नसतं, ते काही पावडरींमध्ये असतं. दोन-चार महिन्यांत दाराच्या रबराच्या घडीत करडा चिकट थर धरतो आणि धुतलेल्या कपड्यांनाच वास यायला लागतो. महिन्याला एकदा तशी पावडर घालून ६० अंशांवर रिकामी फेरी काढायलाच हवी. ओलेता, ते पाणीही तुमच्या हिशेबात धरा. धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) मारायला आणि आजारी माणसाच्या चादरींनाही ६०च.

ओलेता
धरलं. महिन्याची ती एक फेरी धरूनही तीनच्या गणिताला धक्का लागत नाही. दार उघडं ठेवलं आणि खालचा पंप फिल्टर साफ केला तर तो थर उशिरा धरतो.

पाटपाणी
शेवटच्या विसळीचं पाणी फरशी पुसायला आणि संडासात टाकायला धरता येतं, त्यावर कोणीच बोललं नाही. फक्त एक चूक टाळा. फ्रंट लोडचा निचऱ्याचा पाइप काढून जमिनीवरच्या बादलीत सोडू नका. पाइपाचं तोंड टबमधल्या पाण्याच्या पातळीखाली गेलं की सायफन होतो: मशीन वरून भरतं, खालून ओघळून जातं, पातळी गाठली जात नाही म्हणून व्हॉल्व्ह उघडाच राहतो. वाचवायला गेलात आणि दुप्पट पाणी गेलं. उंच पिंप घ्या, पाइप ६० ते १०० सेंटीमीटरवर अडकवा, तोंड पाण्यात बुडू देऊ नका. साठवलेलं पाणी चोवीस तासांत संपवा, नाहीतर नासतं.

लिटरमागे
झाडांना घालू नका एवढं जोडा. पावडरमध्ये सोडियम भरपूर असतं. रोज घातलं तर मातीचे कण सुटतात, कुंडीवर पापुद्रा धरतो, पाणी आत मुरत नाही.

ओलेता
टॉप लोडला पण सायफन होतो का?

पाटपाणी
पंपवाल्याला होतो. काही टॉप लोडमध्ये पंप नसतो, तळाची झडप उघडून पाणी आपोआप उतरतं. तिथे भरताना झडप बंद असते, सायफनचा प्रश्न नाही. पण त्यांचा पाइप जमिनीलगतच राहिला पाहिजे, पिंपावर चढवलात तर पाणी टबमध्येच राहील. पसरट घमेलं ठेवा आणि मगाने उपसा.