दृष्टिहीन वडिलांसाठी ऑनलाइन मालिका

प्रश्न:
काचबिंदूमुळे वडिलांची दृष्टी गेली, तरी रात्रीची मालिका मोबाइलवर ऐकण्याची त्यांची सवय सुटलेली नाही. टॉकबॅक (पडद्यावरचे वाचून दाखवणारी मोबाइलमधील सोय) सुरू असताना त्या अ‍ॅपमधील कोणत्याही चिन्हावर बोट ठेवले की केवळ ‘लेबल नसलेले बटण’ एवढेच ऐकू येते आणि पात्रे गप्प झाली की बाबा विचारतात, “आता काय झालं?” यावर काही उपाय आहे का?

प्रतिसाद १:
टॉकबॅकच्या मेन्यूतून अशा बटणांना आपण स्वतः नाव देऊ शकता. दृश्यांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन, म्हणजे संवादांमधल्या मोकळ्या जागेत दृश्याचे वर्णन करणारा आवाज, असलेले कार्यक्रम शोधावेत. नेटफ्लिक्सने ही सोय २०१५ मध्ये सुरू केली. मराठीत मात्र ती क्वचितच मिळते, याचे फार वाईट वाटते.

प्रतिसाद २:
मी कर्णबधिर आहे. मराठी कार्यक्रमाखाली इंग्रजी भाषांतर येते, त्यात आईच्या तोंडचे ‘अगं बाई’ उरत नाही आणि दाराची कडी वाजली हे तर कोणी लिहीतच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये दृश्यवर्णन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शन (संवाद व इतर आवाज लिहून दाखवणाऱ्या ओळी) या तिन्हींचा उल्लेख आहे. त्या कलमाचा हवाला देऊन अ‍ॅपच्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार १५ दिवसांत निर्णय देणे त्याच्यावर बंधनकारक आहे.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. बटणांची नावे आजच देतो. तक्रारीचा मजकूर बाबा स्वतः सांगणार आहेत.