गोटे उचलणारे चोर, अन् गिट्टी करणारे साव?

गोटेवाला:
काल इथं एका शहाण्याने लिहिलं की चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या शेतांतून जीवाश्म (दगड झालेली जुनी हाडं वगैरे) उचलणारे सगळे "हौशी चोर". फोटो काढा, दगड जागेवर राहू द्या म्हणे. उत्तर लांब आहे, घाई असेल त्याने पुढे सरकावं.

वरोऱ्याकडच्या त्या शेतांत जागेवर ठेवलेला दगड पुढच्या वखरणीपर्यंत तरी राहतो का? शेतकऱ्याच्या लेखी तो वखराच्या पासेला लागणारा धोंडा. तो धुऱ्यावर फेकतो, तिथून तो विहिरीच्या बांधकामात जातो. माझ्याकडचा मणका अशाच धुऱ्यावरच्या ढिगातून आला. एका बाजूने फुटलेला, आतली हाडाची जाळी उघडी पडलेली, जिभेला लावला की चिकटतो. अन् हिस्लॉप तरी कोण होता? नागपूरचा पाद्री. त्याने गोटे गोळा केले नसते तर मांगलीची ती कवटी लंडनच्या ओवेन या शास्त्रज्ञापर्यंत कशी पोचली असती? १८५५ साली ब्रॅकिऑप्सचं, म्हणजे त्या कवटीच्या उभयचर प्राण्याचं, वर्णन आलं ते त्यामुळेच. खाणींत रोज सुरुंग उडतात, तिकडे कोणी चोर म्हणत नाही.

इरईकाठ:
तो शहाणा मीच. हिस्लॉपने गाव, थर, सोबत काय सापडलं हे सगळं लिहून ठेवलं होतं. तुमच्या मणक्यावर काय लिहिलंय?

पिसदुऱ्याच्याच विष्ठाश्मांत, म्हणजे दगड झालेल्या विष्ठेत, गवताचे सिलिकाकण सापडल्याचं २००५ साली छापून आलं. डायनासोरच्या काळात गवत होतं याचा तो भक्कम पुरावा. दगड लॅमेटाच्या, म्हणजे डायनासोरच्या काळातल्या, थरातला हे पक्कं होतं म्हणून त्याला किंमत आली. तोच गोटा तुमच्या टीव्हीखाली असता तर पाहुण्यांना दाखवायच्या कामाचा. अन् जिभेला लावताना जरा बघत जा, पिसदुऱ्यात हाडांपेक्षा दुसरंच जास्त मिळतं.

काळी_कसदार:
दोघंही आमच्याच वावरात भांडून राह्यले. रानडुकरं हरबरा लोळवून गेली, पंचनाम्याले कोनी फिरकलं नाई. अन् इथं एक गोटा उचलला तं केवढी चर्चा! सातबारा माया नावावर हाय. मंग हाडूक कोनाचं, ते सांगा पयले.

इरईकाठ:
त्याचा वेगळा कायदाच नाही, हेच तर दुखणं. भूवारशाच्या (जीवाश्म, खडक वगैरे जपण्याच्या) विधेयकाचा मसुदा २०२२ साली आला, त्यावर हरकती-सूचनाही मागवल्या. कायदा कुठाय?

पळसफूल:
चोरीचंच बोलायचं तर मोठ्या चोरीचं बोला. सिरोंच्याचा बारापासॉरस डायनासोर कोलकात्यात उभा केलाय. डोंगरगावच्या डायनासोरचा सांगाडाही तिकडेच. कोळसा आमचा, वीज मुंबईला, धूळ आम्हाला. आता हाडंही गेली. तीसुद्धा भारतीय सांख्यिकी संस्थेत! आकडे मोजणाऱ्यांचा हाडांशी काय संबंध?

जुना_मास्तर:
बारापासॉरस सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीचा. खडकाचा थर कोटा नावाचा. डोंगरगावचंही बरोबर, त्याचं वर्णन १९९७ साली आलं. अन् सांख्यिकी संस्थेचं म्हणाल तर संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांनी लंडनच्या जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना बोलावून तिथं भूशास्त्राचा विभाग उभा केला. त्या लोकांनी उन्हातान्हात बैलगाड्या लावून हाडं काढली. आपले लोक तेव्हा काय करत होते?

पळसफूल:
वा! म्हणजे आम्हाला जमलं नाही म्हणून कायमचं त्यांचं? ब्रिटिशही हेच म्हणायचे.

गोटेवाला:
अन् परत आणून ठेवणार कुठं? मी एका सरकारी संग्रहालयाला शंखांचा अख्खा डबा दिला होता, नागपूरच्या टाकळीला मिळतात तसे गोड्या पाण्यातले, दगड झालेले. पुढच्या खेपेला गेलो तर डबा जिन्याखाली, चिठ्ठ्या वाळवीने खाल्लेल्या. घरी असता तर निदान वाळवी तरी लागली नसती.

पळसफूल:
एका डब्यावरून अख्ख्या विदर्भाची लायकी काढू नका.

गोटेवाला:
विदर्भाची कोणी काढली? वाळवीची काढली.

चांदागड:
नागपुरात अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासून आहे. ठेवायला जागा नाही असं नाही.

पळसफूल:
नागपूर म्हणजे चंद्रपूर नाही हो. आमचं सगळं आधी नागपूरलाच अडकते, मग पुढे जाते. वेगळा विदर्भ झाला तरी हेच होणार, लिहून ठेवा.

जुना_मास्तर:
झालं! पिसदुऱ्याहून निघालो, वेगळ्या विदर्भावर पोचलो. सिरोंच्याजवळ वडधमला झाडांची दगड झालेली खोडं जागेवर आहेत, जीवाश्म उद्यान आहे. इथं बोलणाऱ्यांपैकी कोण जाऊन आलंय?

पळसफूल:
रस्ता करून द्या, जातो.

जुना_मास्तर:
हा मुद्दा मात्र मान्य.

गोटेवाला:
इरईकाठ साहेब, तुमच्या कृपेने मणक्याला पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, त्यावर नंबर टाकला, वहीत गाव अन् तारीख लिहिली. आता धुऱ्यावरच्या ढिगाला थर कोणता लिहू तेही सांगून टाका.

इरईकाठ:
"धुऱ्यावरचा ढीग, मूळ जागा माहीत नाही" असं लिहा. अंदाजाने थर टाकू नका, पुढच्याची दिशाभूल होते. शेताचा गट नंबर लिहा. अन् विकू नका. कोणी "दोन हजार देतो" म्हणत आला की पुढच्या आठवड्यात अख्खं गाव कुदळी घेऊन वावरात उतरते. चोर म्हणालो ते अशा लोकांना; तुम्हाला लागलं असेल तर शब्द मागे घेतो. अर्धा.

गोटेवाला:
उरलेला अर्धा शोकेसमध्ये ठेवतो.

काळी_कसदार:
गट नंबर लिहून राह्यले तं वावर कोनाचं तेही लिहा त्याच वहीत. अन् पुढच्या खेपेले येताना फोन करा, तूर उभी हाय.